शाळेतला धंदा आणि त्याची वही

आमच्या शाळेच्या आनंद मेळाव्यात सातवीतल्या एका मुलानं भेळेचं दुकान मांडलं होतं. दोन तासांत पातेलं रिकामं झालं. पत्र्याच्या डब्यातली चिल्लर आणि नोटा मोजून तो धावतच माझ्याकडे आला, "बाई, सहाशे चाळीस रुपये नफा!"

मी त्याला शेजारी बसवलं आणि एकेक विचारत गेले. मुरमुरे? "घरचे." फरसाण, शेव? "बाबांनी आणली." कांदा, टोमॅटो, कोथिंबीर? "घरात होतीच." चिंचगुळाचं पाणी? "आईनं केलं, पहाटे उठून." द्रोण? "ते मात्र विकत आणले, चाळीस रुपयांचे." मग आम्ही दोघांनी वहीच्या पानावर लिहिलं: मुरमुरे ६०, फरसाण आणि शेव २१०, भाजी ९०, चिंच-गूळ ५०, द्रोण ४०. झाले ४५०. सहाशे चाळीसमधून वजा केल्यावर उरले १९०. त्याखाली मी आणखी एक ओळ लिहिली, "आई – दोन तास", आणि समोरची जागा रिकामी ठेवली. तो बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत होता. मग म्हणाला, "बाई, हे कितीला धरायचं?"

शाळेत मुलांकडून धंदा का करून घ्यायचा, याचं माझं उत्तर त्या प्रश्नात आहे. गल्ल्यात आले तेवढे सगळे पैसे आपले, असं मोठी माणसंही धरून चालतात आणि त्यात दुकानं बुडतात. हे फळ्यावर कितीही समजावलं तरी मनात उतरत नाही. स्वतः माल केला, विकला आणि रात्री वही लिहिली की एका दिवाळीत उतरतं.

मेळावा आणि धंदा यांत फरक एवढाच की मेळावा एका दिवसात आटोपतो आणि त्याचा माल घरून येतो. धंदा दोन-तीन महिने चालतो. त्याचं भांडवल कुणीतरी विश्वासानं दिलेलं असतं, आणि शेवटी त्या माणसासमोर वही उघडावी लागते. कल्पना नवी नाही. अमेरिकेत १९१९ साली ज्युनिअर अचिव्हमेंट ही संस्था सुरू झाली, ती याच कामासाठी. तिच्या पद्धतीत मुलं छोटी कंपनी काढतात, ओळखीपाळखीच्या लोकांना तिचे भाग (शेअर) विकून पैसे उभे करतात, एक वस्तू बनवतात, विकतात, आणि वर्ष संपलं की कंपनी गुंडाळून भागधारकांना पैसे परत करतात. त्याच १९१९ साली आपल्याकडे कराडजवळच्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या 'कमवा व शिका' योजनेत हेतू वेगळा होता. तिथे गरिबाच्या मुलाला शिक्षण घेता यावं म्हणून काम होतं, शाळेच्या धंद्यात कामातून शिक्षण घ्यायचं असतं. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांच्या कार्यक्रमात शाळेतली मुलं हातानं वस्तू बनवतात, गावाला सेवा देतात आणि केलेल्या कामाचा खर्च काढायलाही शिकतात. खर्च काढणं हा अभ्यासाचाच भाग, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. अलीकडे २०२१ मध्ये दिल्लीच्या सरकारी शाळांनी अकरावी-बारावीच्या मुलांना धंद्यासाठी प्रत्येकी दोन हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल दिलं होतं.

आता एका धंद्याचा हिशोब सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगते. वर्ग नववीचा, मुलं २४, माल आकाशकंदील.

आधी मुलांना उटणं करायचं होतं. ते मी होऊ दिलं नाही. अंगाला लावायची वस्तू विक्रीसाठी बनवायची तर सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्याखाली परवाना लागतो, आणि कुणाच्या कातडीवर पुरळ उठलं तर जबाबदारी शाळेची. खाण्याचे पदार्थ महिनोन्‌महिने विकायचे तर अन्नसुरक्षेची नोंदणी आली. कागदाच्या कंदिलाला यातलं काही लागत नाही, आणि धोकाही फार तर बोटाला कात्री लागण्याचा.

मग भांडवल. आम्ही पंचवीस-पंचवीस रुपयांचे साठ भाग केले. एकानं दोनपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, दोघांत मिळून एक घेतला तरी चालेल, आणि उरलेले पालकांना, शिक्षकांना विकायचे, असं ठरलं. दीड हजार रुपये जमले. ही काही कायद्यानं नोंदवलेली कंपनी नव्हे, म्हणून प्रत्येक पावतीवर मुलांनी हातानं लिहिलं, 'धंद्यात तोटा झाला तर हे पैसे बुडू शकतात.' एका आजोबांनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं, मुलाकडे बघितलं आणि मगच पंचवीस रुपये काढले. मुलगा परत येऊन म्हणाला, "बाई, ते देणगी देत होते, पण मी पावती दाखवल्यावर त्यांनी नीट चौकशी केली. कंदील कसा असणार, कितीला विकणार, सगळं." सरकारनं दिलेल्या बीजभांडवलापेक्षा असे ओळखीच्या माणसाकडून मागून आणलेले पैसे मला जास्त शिकवणारे वाटतात. ज्याला रोज गल्लीत तोंड दाखवायचं, त्याचे पैसे मूल जपून खर्च करतं.

खर्चाचे दोन ढीग

नफ्याचं गणित समजायला एकच गोष्ट आधी पक्की हवी. खर्च दोन प्रकारचा असतो. एक, कंदील एक करा नाहीतर शंभर करा, तेवढाच होणारा. त्याला स्थिर खर्च म्हणतात. दुसरा, प्रत्येक कंदिलामागे वाढत जाणारा. तो बदलता खर्च.

आमचा स्थिर खर्च असा झाला: कात्र्या आणि पट्ट्या २४० रुपये, घाऊक बाजारात जाण्यायेण्याचं एसटीचं भाडं १८०, नमुने करताना वाया गेलेला कागद ८०, फलक आणि टेबलावरचं कापड १००. एकूण ६००. (कात्र्या पुढची चार वर्षं टिकतात, तेव्हा खरं तर त्यांची किंमत चार वर्षांत विभागून लावायला हवी. त्याला घसारा म्हणतात. पहिल्या वर्षी आम्ही तो विषय बाजूला ठेवला.)

बदलता खर्च एका कंदिलामागे: घोटीव कागद १८ रुपये, बांबूच्या कामट्या १४, खळ आणि दोरा ६, झिरमिळ्या ४, पिशवी ३. झाले ४५.

आता किंमत. मुलांनी लगेच सांगितलं, "पंचेचाळीस खर्च, दहा नफा, पंचावन्न." मी विचारलं, मग ते सहाशे रुपये कोण देणार? वर्ग गप्प. पंचावन्नला विकला तर प्रत्येक कंदिलामागे दहा रुपये सुटतात, आणि सहाशे भरून निघायला साठ कंदील विकावे लागतात. साठ कंदील चोवीस मुलांच्या हातून दिवाळीपर्यंत होणं शक्यच नव्हतं. किंमत ७५ ठेवली तर कंदिलामागे ३० सुटतात, म्हणजे वीस कंदिलांत सहाशे वसूल. ८५ ठेवली तर ४० सुटतात, पंधरा कंदिलांत वसूल. १०५ ठेवली तर दहाच पुरे, पण एकशेपाचला घेणार कोण? मुलं बाजारात फिरून आली. साधा कंदील साठला होता, चांगला सव्वाशेपर्यंत. आम्ही ८५ ठरवले.

त्या पंधराव्या कंदिलाला पाठ्यपुस्तकात मोठं नाव आहे. आमच्या वर्गात त्याचं नाव 'पंधरावा' एवढंच पडलं. पंधरावा विकला जाईपर्यंत आपण खड्ड्यातून वर येत असतो. पंधराव्यापाशी ना नफा ना तोटा. सोळाव्यापासून प्रत्येक कंदील चाळीस रुपये देतो. मुलांनी फळ्याच्या कोपऱ्यात रोज विक्रीचा आकडा लिहिला, आणि ज्या दिवशी तिथे १५ आला त्या दिवशी वर्गात जो गलका झाला, तो ऐकून शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले.

नफा आहे, पैसे नाहीत

इथे एक गाठ आहे आणि ती भल्याभल्यांना सुटत नाही, म्हणून सावकाश सांगते.

दीड हजारातले सहाशे स्थिर खर्चात गेले. उरलेल्या नऊशेत वीस कंदिलांचं सामान आलं. म्हणजे पहिले वीस कंदील तयार झाले तेव्हा गल्ल्यात एक रुपयाही नव्हता. पहिल्या आठवड्यात बारा विकले गेले. कागदावर १०२० रुपये. पण त्यातले चार उधारीवर गेले होते, 'पगार झाल्यावर देतो' म्हणून. हातात आले आठ कंदिलांचे ६८०. पुढचं सामान आणायचं तर एवढ्यातच. पंधरा कंदिलांचं सामान ६७५ ला आलं आणि गल्ल्यात राहिले पाच रुपये.

दिवाळी तोंडावर, गिऱ्हाईक दारात, आणि आणखी सामान आणायला गल्ल्यात पैसे नाहीत. वहीप्रमाणे तर धंदा नफ्याच्या दिशेनं चाललेला. एका मुलीनं चिडून विचारलं, "आपण कमावतोय, मग पैसे गेले कुठे?" पैसे तीन ठिकाणी अडकले होते. न विकलेल्या आठ कंदिलांत, चार उधाऱ्यांत आणि नव्या कागदा-कामट्यांत. खेळतं भांडवल म्हणतात ते हेच. पैसा मालात शिरतो, माल गिऱ्हाइकाकडे जातो, आणि तो पुन्हा पैसा होऊन परत येईपर्यंत धंद्याला दम धरावा लागतो. त्या आठवड्यात मुलांनी उधारीची वसुली जितक्या नेटानं केली तितका नेट मी गृहपाठातही पाहिलेला नाही. तीन उधाऱ्या वसूल झाल्या. चौथ्या घराला कुलूप होतं, ते लोक गावी गेले आणि ते पैसे आलेच नाहीत.

यावर उपाय जुनाच आहे. विसार. पुढच्या वर्षी आम्ही आधी नमुना दाखवायचा, ऑर्डर घ्यायची आणि वीस रुपये विसार घेऊनच कंदील करायचा, असं ठरवलं. त्याचा दुसराही फायदा झाला. 'आमचा कंदील घ्याल का?' असं मुलांनी विचारलं की सगळे कौतुकानं हो म्हणतात. विसार मागितला की खरं गिऱ्हाईक कळतं. चाळीस जण हो म्हणाले होते, विसार नऊ जणांनी दिला. मुलांना थोडं वाईट वाटलं, पण चाळीस कंदील करून एकतीस अंगावर पडण्यापेक्षा ते बरं.

वही कुणाकडे, गल्ला कुणाकडे

कामाची वाटणी करताना मुलांना पदं हवी असतात. पदांपेक्षा मी कामांची नावं देते: खरेदी, बनवणं, विक्री, हिशोब. दर पंधरा दिवसांनी अदलाबदल करते, नाहीतर चुणचुणीत मुलं विक्रीवर आणि अबोल मुलं खळ लावण्यावर, असं कायमचं होऊन बसतं. आमचा सर्वांत चांगला विक्रेता असा एक मुलगा निघाला जो वर्गात कधी हात वर करत नसे. तो गिऱ्हाइकाला कंदील हातात देई आणि काही न बोलता उभा राही. लोक कंदील परत देत नसत.

एक नियम मात्र मी कधी मोडू देत नाही. ज्याच्या हातात गल्ला, त्याच्या हातात वही द्यायची नाही. दोन वेगळी मुलं. संध्याकाळी गल्ल्यातली रक्कम आणि रोजमेळातली, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीतली, रक्कम जुळली की दोघांच्या सह्या. एकदा तीस रुपये कमी आले. कुणावर संशय घ्यायला मी मनाई केली आणि दिवसाचा प्रत्येक व्यवहार पुन्हा लिहायला लावला. एका कंदिलाचे सुटे परत देताना वीसऐवजी पन्नासची नोट गेल्याचं निघालं. रोज ताळा करत असल्यामुळेच ते सापडलं. आठवड्यानं बघितलं असतं तर उरला असता फक्त संशय, आणि तो मुलांच्या मैत्रीत वर्षभर राहिला असता.

पैसे शिक्षकाच्या खाजगी खात्यावर घेऊ नयेत, हे माझं ठाम मत आहे. मोबाइलवर क्यूआर कोड दाखवून पैसे घेणं सोयीचं असतं, पण महिन्याभरानं त्यातले धंद्याचे कुठले आणि घरचे कुठले हे कुणालाच सांगता येत नाही. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी काढावी आणि रक्कम शाळेच्या किंवा पालक-शिक्षक संघाच्या नावावर ठेवावी. कायद्याचं म्हणाल तर १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या व्यक्तीला करार करता येत नाही, म्हणून जत्रेतली जागा ठरवणं, मोठी ऑर्डर स्वीकारणं यावर सही मोठ्या माणसाचीच हवी. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यास बंदी आहे. तेव्हा कुणा दुकानदाराचा माल मुलांकडून करून घेणं हे शाळेच्या धंद्यात बसत नाही, त्यानं कितीही मदतीची भाषा केली तरी.

मुलांच्या कामाकडे नुसती कमाई म्हणून बघितलं जाण्याचा हा धोका खरा आहे आणि जुनाही आहे. हाताच्या कामातून शिक्षण देण्याच्या गांधीजींच्या 'नई तालीम' या कल्पनेसाठी वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये परिषद भरली. त्यानंतर झाकीर हुसेन समितीनं जो अहवाल दिला, त्यातच समितीनं स्वतः सावध केलं होतं की उत्पन्नाच्या बाजूवर जोर देता देता शिक्षणाची बाजू मागे पडू शकते. म्हणून 'सर्वांत जास्त नफा करणाऱ्या गटाला बक्षीस' ही पद्धत मला मान्य नाही. अशा स्पर्धेत पहिला बळी वहीचा जातो. मुलं घरून सामान आणतात, काका-मामांना माल खपवतात आणि खर्चाच्या ओळी गाळतात. बक्षीस द्यायचंच तर सर्वांत खऱ्या वहीला द्यावं, मग तिच्यात तोटा लिहिलेला असला तरी.

दिवाळीनंतरचा हिशोब

आमचे एकूण पस्तीस कंदील झाले. एकोणतीस ८५ ला गेले, त्यातल्या एकाचे पैसे बुडाले. तीन नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी ५० ला दिले. दोन अवेळी आलेल्या पावसात भिजले, एक उरला. हातात आले २५३०. खर्च झाला २१७५. उरले ३५५.

साठ भाग होते. प्रत्येक भागाला पंचवीस मूळचे आणि वर पाच, असे तीस रुपये परत केले. अठराशे वाटले, पंचावन्न राहिले. ते, कात्र्या, कापड आणि वही एका खोक्यात घालून पुढच्या नववीसाठी ठेवले. त्या आजोबांनी तीस रुपये घेतले आणि वही मागितली. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली, बुडालेल्या पंच्याऐंशी रुपयांवर बोट ठेवून "हे कुणाचे?" विचारलं. मुलांनी नाव सांगितलं नाही. तसं आधी ठरलंच होतं.

मग भेळवाल्या मुलाच्या हिशोबात लिहिली होती तशी तासांची ओळ मी काढली. एका कंदिलाला किती वेळ लागला? मुलांनी घड्याळ लावून मोजलं होतं, सरासरी पन्नास मिनिटं. पस्तीस कंदिलांचे झाले जवळजवळ एकोणतीस तास. ३५५ भागिले २९. तासाला बारा रुपये. त्यात विक्रीत उभं राहण्याचे, बाजाराला जाण्याचे तास धरलेलेच नाहीत.

वर्गात शांतता पसरली. तासाला बारा रुपये म्हणजे काय, हे त्यांना बरोबर कळलं होतं. मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "मग बाजारात कंदील साठ रुपयाला कसा देतात?"

त्या एका प्रश्नावर पुढचे दोन तास गेले. कागद रिमानं घेतला की स्वस्त पडतो. साचा असला की कापायला वेळ लागत नाही. हजार कंदिलांत स्थिर खर्च वाटला गेला की एकाच्या वाट्याला रुपयाही येत नाही. हे सगळं मी सांगत होते आणि ती ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "माझी आई करते. नगावर. एका कंदिलाच्या करंज्या आणि झिरमिळ्या चिकटवायचे तिला चार रुपये मिळतात." करंज्या म्हणजे कंदिलाच्या कडेनं लावतात त्या कागदी वळ्या, सगळ्यांत वेळखाऊ काम. आमच्या साठ रुपयांच्या कोड्याचं उरलेलं उत्तर ते होतं.

पुढच्या वर्षी आम्ही तिच्या आईला वर्गात बोलावलं. त्या आधी यायला तयार नव्हत्या, "शाळेत मी काय शिकवणार?" म्हणत होत्या. आल्या, जमिनीवर बसल्या आणि पहिलं काम त्यांनी केलं ते म्हणजे मुलांच्या हातातले कंदील काढून घेतले. एकानं एक कंदील पहिल्यापासून शेवटपर्यंत करायचाच नाही. आधी दहा कागद एकावर एक ठेवून एकदम कापायचे. मग सगळ्या कामट्या बांधायच्या. मग सगळ्यांना खळ. करंज्यांसाठी कागद बोटावर न वळवता पेन्सिलीवर वळवायचा. खळ तर्जनीनं लावायची नाही, करंगळीनं लावायची, म्हणजे कागद धरायची बोटं कोरडी राहतात. दुपारपर्यंत मुलं एक कंदील बावीस मिनिटांत करायला लागली.

त्या वर्षीच्या वहीचं पहिलं पान माझ्याकडे आहे. खर्चाच्या बाजूला, कागदाच्या आणि एसटीच्या आधी, हिशोबाच्या गटानं पहिली ओळ लिहिली आहे: 'कंदील शिकवण्याचे, तीन तास – ३०० रुपये. रोख दिले.' आणि समोर त्या बाईंची सही.